घटस्फोटाचा कागद परदेशात चालावा म्हणून: सही-शिक्क्याच्या नकलेपासून अपॉस्टिलपर्यंत

घटस्फोट झाला, कोर्टाचा कागद हाती आला आणि आता तो दुसऱ्या देशात दाखवायचा आहे. कुणाला पुन्हा लग्न करायचं असतं, कुणाला नव्या जोडीदारासाठी व्हिसा हवा असतो, कुणाला मुलाचा ताबा आपल्याकडे आहे हे शाळेला किंवा इमिग्रेशनला पटवायचं असतं. तिथला अधिकारी कागद हातात घेतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, हा कागद खरा आहे का, म्हणजे ज्या कोर्टाचं नाव त्यावर आहे त्याच कोर्टाने तो दिलाय का? दुसरा, कागद खरा असला तरी हा घटस्फोट आमच्या देशाच्या कायद्याला मान्य आहे का?

अपॉस्टिल (कागदावरची सही-मोहोर खरी असल्याचं, करारातल्या देशांत चालणारं प्रमाणपत्र), साक्षांकन, वकिलातीचा शिक्का ही सगळी धावपळ फक्त पहिल्या प्रश्नासाठी असते. दुसऱ्याचं उत्तर कुठलाच शिक्का देत नाही. सगळे शिक्के गोळा करून झाल्यावर हे कळलं तर माणूस खचतो, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आधी विचारा, मग पळा

बहुतेक जण आपल्याकडच्या कोर्टापासून सुरुवात करतात. माझं मत ठाम आहे: सुरुवात ज्या कार्यालयात कागद द्यायचाय तिथून करा. विवाह नोंदणी कार्यालय असो, इमिग्रेशन विभाग असो की कोर्ट, त्यांना लेखी विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर पुढच्या वेळी दुसराच कर्मचारी फिरवू शकतो. ईमेलचं उत्तर तुमच्या फाइलमध्ये राहतं.

विचारायचं ते असं. पूर्ण निकालपत्र हवंय, हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालाचा थोडक्यातला औपचारिक आदेश) पुरेसा आहे, की नुसतं घटस्फोटाचं प्रमाणपत्र चालेल? निकाल अंतिम झाल्याचा वेगळा पुरावा लागेल का? अपॉस्टिल लागेल की वकिलातीचं साक्षांकन? भाषांतर कुठल्या भाषेत हवं आणि भाषांतरकार कुणी नेमलेला असावा? प्रत किती जुनी चालते? इलेक्ट्रॉनिक कागद स्वीकारता का? दूतावासाच्या संकेतस्थळावरची माहिती उपयोगी असते, पण ती सर्वसाधारण असते. शेवटचा शब्द कागद स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचा.

मान्यतेचा प्रश्न त्याच वेळी मिटवा

वर म्हटलेला दुसरा प्रश्न शेवटावर ढकलू नका. काही देशांत परदेशी घटस्फोट मान्य करून घेण्यासाठी वेगळी प्रक्रिया असते आणि तिला शिक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

जर्मनीत युरोपीय संघाबाहेर झालेला घटस्फोट सहसा तिथल्या राज्याच्या न्याय प्रशासनाकडून मान्य करून घ्यावा लागतो. नवरा-बायको दोघंही ज्या देशाच्या कोर्टाने निकाल दिला त्याच देशाचे नागरिक असतील तर या प्रक्रियेतून सूट आहे. फिलिपीन्समध्ये परदेशी घटस्फोटाला तिथल्या कोर्टाकडून मान्यता घ्यावी लागते. तोवर तिथल्या नोंदीत जुनं लग्न कायम दिसतं आणि पुन्हा लग्न करता येत नाही. ब्राझीलमध्ये परदेशी निकालांना उच्च न्यायाधिकरणाची मान्यता लागते, पण २०१६ साली लागू झालेल्या नव्या दिवाणी प्रक्रिया संहितेने परस्परसंमतीच्या साध्या घटस्फोटांना त्यातून मोकळं केलं.

परदेशात घटस्फोट घेऊन तो भारतात दाखवायचा असेल तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ पाहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या निकालात स्पष्ट केलं की ज्या विवाह कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्यानुसार परदेशी कोर्टाला अधिकार असायला हवा आणि घटस्फोटाचं कारणही त्याच कायद्यात बसायला हवं. याला अपवाद आहेत. दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने त्या कोर्टाचा अधिकार मानला असेल आणि घटस्फोटाला संमती दिली असेल तर चित्र बदलतं. एकतर्फी मिळवलेल्या परदेशी हुकूमनाम्यावर कितीही शिक्के असले तरी तो भारतात अडकू शकतो. अशा वेळी अपॉस्टिलचा खर्च करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

युरोपीय संघात वाट सोपी आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालेल्या प्रकरणांना ब्रसेल्स दोन-बी ही संघाची घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याबाबतची नियमावली लागू होते. एका सदस्य देशाचा घटस्फोट दुसऱ्यात वेगळी प्रक्रिया न करता मान्य होतो आणि निकाल देणारं कोर्ट ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र देतं. डेन्मार्क मात्र या नियमावलीत नाही. घटस्फोटासारख्या वैयक्तिक दर्जाच्या सार्वजनिक कागदांना संघातल्या संघात अपॉस्टिल मागता येत नाही, हा नियम १६ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. त्यामुळे फ्रान्सच्या कोर्टाचा कागद स्पेनमध्ये द्यायचा असेल आणि कुणी अपॉस्टिल मागितलं तर या नियमाकडे नम्रपणे बोट दाखवा.

नेमका कोणता कागद?

सर्वात जास्त अर्ज इथे परत येतात, म्हणून इथे जरा थांबू या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्याच्या आदेशाने लग्न मोडत नाही, ते दुसऱ्या आदेशाने मोडतं. ६ एप्रिल २०२२ पासून या दोन आदेशांना कंडिशनल ऑर्डर आणि फायनल ऑर्डर म्हणतात. त्याआधीच्या प्रकरणांत डिक्री नायसाय आणि डिक्री अॅब्सोल्यूट अशी नावं दिसतील. परदेशात दाखवायचा कागद म्हणजे फायनल ऑर्डर किंवा डिक्री अॅब्सोल्यूट. पहिल्या टप्प्याच्या कागदावरही अपॉस्टिल मिळू शकतं, कारण तो खरा कोर्टाचाच कागद असतो. पण तो दाखवून दुसरं लग्न करता येत नाही.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत दोन वेगळे कागद मिळतात. कोर्टाच्या क्लार्ककडून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळते आणि राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी विभागाकडून घटस्फोटाचं प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्रात नावं, तारीख, ठिकाण एवढंच असतं. पुन्हा लग्नासाठी काही ठिकाणी ते पुरतं, पण मुलांचा ताबा, पोटगी किंवा मालमत्तेसाठी हुकूमनामाच लागतो.

भारतात घटस्फोटासाठी वेगळं सरकारी प्रमाणपत्र नसतं. कोर्टाचा निकाल आणि हुकूमनामा हाच पुरावा. परदेशी कार्यालयाने घटस्फोटाचं प्रमाणपत्र मागितलं तर हीच वस्तुस्थिती कळवून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत द्यायची. जपानमध्ये उलट, बहुतेक घटस्फोट कोर्टात जातच नाहीत. नवरा-बायको स्थानिक पालिका कार्यालयात संयुक्त अर्ज दाखल करतात आणि पुरावा म्हणून अर्ज स्वीकारल्याचं प्रमाणपत्र किंवा कोसेकी या कुटुंबनोंदीचा उतारा मिळतो. कोर्टाचा निकाल मागणाऱ्या कार्यालयाला अशा वेळी समजावून सांगावं लागतं की इथे कोर्टाचा निकाल नाहीच.

आणखी एक नाजूक बाब. धार्मिक किंवा जातपंचायतीच्या पातळीवर झालेल्या घटस्फोटाचा कागद सरकारी अधिकाऱ्याने दिलेला नसेल, तर तो सहसा सार्वजनिक दस्तऐवज ठरत नाही, म्हणून त्यावर थेट अपॉस्टिल मिळत नाही. मग कुणीतरी सुचवतं की नोटरीकडून नक्कल साक्षांकित करा आणि त्यावर अपॉस्टिल घ्या. तसं अपॉस्टिल मिळूही शकतं, पण ते फक्त नोटरीच्या सहीबद्दल बोलतं. घटस्फोटाबद्दल ते काहीच सिद्ध करत नाही. शक्य असेल तर सक्षम कोर्टाकडून लग्न संपुष्टात आल्याची घोषणा मिळवणं हाच भक्कम मार्ग. हेच कोर्टाच्या कागदाच्या नोटरी केलेल्या झेरॉक्सलाही लागू आहे: कोर्टाची प्रमाणित प्रत मिळत असताना झेरॉक्सवर पैसे घालवू नका.

निकाल अंतिम झाल्याचा पुरावा

निकालाची तारीख आणि निकाल अंतिम होण्याची तारीख बऱ्याच देशांत वेगळी असते, कारण मध्ये अपिलाची मुदत असते. परदेशी अधिकाऱ्याला तुमच्या देशातली ही मुदत माहीत असण्याचं कारण नाही. त्यामुळे तो कागदावरच अंतिमतेचा शेरा शोधतो. जर्मन कोर्टं निकालावर तसा शिक्का मारतात. इतरत्र कोर्टाकडून अपील दाखल नसल्याचं किंवा निकाल अंतिम झाल्याचं वेगळं प्रमाणपत्र मागावं लागतं. भारतात हिंदू विवाह कायद्याखाली अपिलासाठी कलम २८ मध्ये ९० दिवसांची मुदत दिली आहे, तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ मध्ये ३० दिवसांची. पक्षकारांच्या संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर याच कलम १९ नुसार अपील होत नाही. तुमच्या प्रकरणाला काय लागू होतं ते वकिलाकडून लेखी घ्या आणि शक्य असेल तर कोर्टाचाच दाखला मिळवा.

अर्जात घटस्फोटाची तारीख विचारतात तेव्हा लग्न कायद्याने ज्या दिवशी संपलं तीच तारीख लिहायची. अर्जात एक, कागदात दुसरी आणि भाषांतरात तिसरी अशी तारीख दिसली की शंका सुरू होतात.

सही-शिक्क्याची नक्कल

सही-शिक्क्याची नक्कल म्हणजेच कोर्टाची प्रमाणित प्रत. तिच्यासाठी कोर्टात अर्ज करताना दोन-तीन प्रती एकदमच मागा. बरीच कार्यालयं दिलेली प्रत परत करत नाहीत आणि परदेशात गेल्यावर पुन्हा अर्ज करणं जिवावर येतं.

प्रत हातात आली की खिडकीवरच तपासा. सही शाईची आहे का, सही करणाऱ्याचं नाव आणि पद वाचता येतंय का, कोर्टाची मोहोर उमटली आहे का, प्रत्येक पानावर खूण आहे का, पानं सलग आहेत का. अस्पष्ट सहीमुळे अपॉस्टिल नाकारलं जातं, कारण अपॉस्टिल देणारं कार्यालय ती सही आपल्याकडच्या नमुन्याशी जुळवून पाहतं. निकाल जुना असेल तर हीच अडचण येते. वीस वर्षांपूर्वी दिलेल्या प्रतीवर सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो आणि त्याचा नमुना उपलब्ध नसतो. अशा वेळी जुन्या प्रतीसाठी भांडण्यापेक्षा त्याच निकालाची ताजी प्रमाणित प्रत काढा. नोंदी अभिलेखागारात गेल्या असतील तर थोडा वेळ लागेल, पण पुढचं सगळं सुरळीत होतं.

एकदा प्रत मिळाली की तिची पिन, दोरा, रिबीन काढू नका. स्कॅन करायचं असलं तरी पानं उलटून स्कॅन करा. पिन काढल्याची भोकं दिसली तर पानं बदलल्याचा संशय येतो आणि प्रत बाद होऊ शकते. लॅमिनेशन तर अजिबात नको.

नावांकडे नीट लक्ष द्या. निकालात लग्नानंतरचं नाव, पासपोर्टमध्ये माहेरचं, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त, असं सर्रास होतं. चूक कोर्टाची असेल तर दुरुस्तीचा अर्ज कोर्टातच करा. नाव खरोखर बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचा कागद सोबत जोडा, म्हणजे दोन नावांची साखळी जुळते. बहुतेकदा त्या कागदावरही अपॉस्टिल लागतं.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. पूर्ण निकालपत्रात आरोप असतात, वैद्यकीय तपशील असतात, मुलांची नावं असतात. भाषांतरकार, एजंट, दोन-तीन कार्यालयांतले कर्मचारी हे सगळं वाचतात. ज्याने एकदा कोर्टात ते सोसलंय त्याला पुन्हा अनोळखी हातांत ते सोपवावं लागू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून स्वीकारणाऱ्या कार्यालयाला नुसता हुकूमनामा किंवा संक्षिप्त उतारा चालत असेल तर तेवढाच द्या. पूर्ण निकाल फक्त मागितला तरच.

अपॉस्टिल की वकिलातीची साखळी?

हेगमध्ये ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झालेल्या कराराने वकिलातीच्या लांबलचक साखळीऐवजी एकच प्रमाणपत्र आणलं, तेच अपॉस्टिल. करार २४ जानेवारी १९६५ पासून अमलात आहे आणि आज १२० हून अधिक देश त्यात आहेत. कागद देणारा आणि घेणारा असे दोन्ही देश करारात असतील तर अपॉस्टिल पुरतं. भारत १४ जुलै २००५ पासून, फिलिपीन्स १४ मे २०१९ पासून, सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून, चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आणि बांगलादेश ३० मार्च २०२५ पासून या व्यवस्थेत आहे. जुने लेख वाचून कॅनडा किंवा चीनसाठी दूतावासाच्या रांगेत उभे राहू नका.

दोन्ही देश यादीत असले तरी एक अट तपासावी लागते. नव्याने येणाऱ्या देशाच्या प्रवेशाला आधीचे सदस्य हरकत घेऊ शकतात आणि तशी हरकत असेल तर त्या दोन देशांपुरता करार लागू होत नाही. भारताच्या प्रवेशाला जर्मनीने अशी हरकत घेतली होती. हरकती मागेही घेतल्या जातात, म्हणून हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावरचा सदस्य देशांचा तक्ता कागद पाठवण्याच्या आठवड्यात पाहा.

संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत यांसारख्या कराराबाहेरच्या देशांसाठी साखळी लागते. आधी कागद देणाऱ्या देशातली अंतर्गत साक्षांकनं, मग त्या देशाचं परराष्ट्र मंत्रालय, मग ज्या देशात कागद वापरायचा त्या देशाचा तिथला दूतावास. अमिरातीत कागद पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि कायदेशीर परवाना असलेल्या भाषांतरकाराचं अरबी भाषांतर हेही लागतं. क्रम मोडला तर पुढची खिडकी कागद घेत नाही.

अपॉस्टिल कुठून घ्यायचं

ज्या देशाने कागद दिला त्याच देशाचं नेमलेलं कार्यालय अपॉस्टिल देतं. तुम्ही आता कुठे राहता, कुठले नागरिक आहात याला इथे महत्त्व नाही. ब्रिटनमध्ये हे काम परराष्ट्र खात्याचं लिगलायझेशन ऑफिस करतं. अमेरिकेत राज्याच्या कोर्टाचा कागद असेल तर त्याच राज्याचं कार्यालय, बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेट. टेक्ससचा हुकूमनामा कॅलिफोर्नियात अपॉस्टिल होत नाही. भारतात वैयक्तिक कागदांवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल असा क्रम आहे.

अपॉस्टिल मिळाल्यावर वाचून पाहा. ठरावीक नमुना चौकोनी असतो, वर फ्रेंचमध्ये शीर्षक आणि खाली क्रमांक दिलेल्या दहा नोंदी: देश, सही कुणाची, कोणत्या पदावरून, मोहोर कुणाची, ठिकाण, तारीख, कुणी दिलं, क्रमांक, शिक्का, सही. सही करणाऱ्याच्या नावापुढे कोर्टाच्या अधिकाऱ्याचं नाव आहे की नोटरीचं, हे पाहायला विसरू नका. वर सांगितलेली झेरॉक्सची गफलत इथे उघडी पडते. क्रमांक नोंदवहीत असतो आणि बऱ्याच देशांत तो ऑनलाइन तपासता येतो. एजंटकडून काम करून घेतलं असेल तर पैसे चुकते करण्याआधी ही तपासणी करा.

भाषांतर

साधारण क्रम असा: आधी अपॉस्टिल, मग अपॉस्टिलसकट सगळ्याचं भाषांतर. शिक्के, हस्तलिखित शेरे, समासातल्या नोंदी हे सगळं भाषांतरात यायला हवं. जर्मनी, स्पेन यांसारख्या देशांत शपथबद्ध किंवा सरकारने नेमलेला भाषांतरकार लागतो, म्हणून शक्य तो भाषांतर त्याच देशात करून घ्या. अमेरिकेच्या इमिग्रेशनसाठी भाषांतरकाराने अचूकतेचं आणि आपल्या पात्रतेचं लेखी प्रमाणपत्र जोडलं की पुरतं. भाषांतरावर स्वतंत्र अपॉस्टिल लागतं का, हे स्वीकारणाऱ्या कार्यालयालाच विचारा.

देवनागरीतून नाव रोमन लिपीत नेताना भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्या. त्याने आपल्या मनाने स्पेलिंग केलं तर नावाची नवी भानगड उभी राहते. तारखाही महिना अक्षरात लिहून घ्या. ०३/०४ म्हणजे एका देशात ३ एप्रिल आणि दुसऱ्यात ४ मार्च.

परदेशात राहून करायचं असेल तर

घरच्या माणसाला किंवा वकिलाला अधिकारपत्र देऊन प्रत काढता येते. ते अधिकारपत्र कसं साक्षांकित करायचं हे कोर्टाला आधी विचारा, कारण त्यालाही परदेशातून अपॉस्टिल लागू शकतं. कागद नेहमी क्रमांकावरून माग काढता येईल अशा कुरिअरने पाठवा आणि पाठवण्याआधी पानोपान स्कॅन ठेवा.

काही देश इलेक्ट्रॉनिक अपॉस्टिल देतात. ते फाइल म्हणूनच पाठवायचं असतं. छापलं की त्यातली डिजिटल सही तपासता येत नाही आणि हातात उरते ती साधी प्रिंट. कोर्टाने डिजिटल सहीची पीडीएफ दिली असेल तर तिलाही हेच लागू.

अपॉस्टिलला करारानुसार मुदत नसते, पण विवाह नोंदणी कार्यालयं बऱ्याचदा तीन किंवा सहा महिन्यांच्या आतली प्रत मागतात. लग्नाची तारीख ठरली नसेल तर नक्कल काढण्याची घाई करू नका. तारीख ठरल्यावर मागे मोजत जा: भाषांतराचा वेळ, अपॉस्टिलचा, कोर्टाचा, कुरिअरचा, आणि वर एखादा महिना हाताशी ठेवून अर्ज करा.